उचल, भांडवल आणि माझ्या पाटल्या

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मी कोरेगावात टॅलीच्या क्लासला नाव घातलं, तेव्हा घरात कुणीही विरोध केला नाही. हे मुद्दाम सांगते. बाईच्या शिकण्याला झालेल्या विरोधाच्या इतक्या हकिकती आपण ऐकलेल्या असतात, की विरोध झाला नाही याचाच आपल्याला आनंद होतो आणि पुढचं बघायचं राहून जातं. नवऱ्यानं फी भरली. धाकट्या दिरानं पहिले चार दिवस मोटारसायकलवरून सोडलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, त्या पोराला महिन्याला पैसे मोजायला लागतात ते तरी वाचतील." सगळं त्या एका वाक्यात होतं. मला ते उमगायला सहा महिने लागले.

आमचं पेठेत खताचं दुकान आहे. बियाणं, खतं, औषधं, फवारणीचे पंप. कोरेगावच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात वाघ्या घेवडा होतो. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा फोटो आमच्या काउंटरच्या मागे लावलेला आहे. शेतकरी जूनमध्ये माल नेतो आणि घेवडा विकला की पैसे देतो. उसाचं बिल आलं की बाकीचे. म्हणजे दुकान चालतं ते उधारीवर. सासरे होते तेव्हा लाल कापडाच्या चोपडीत सगळं असे. रोजमेळ रोजच्या रोज संध्याकाळी, खतावणी रविवारी. एखाद्याची बाकी विचारली की ते चोपडी न उघडता आकडा सांगत. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. एकच गिऱ्हाईक येतं, पिशवीभर सामान नेतं, आणि त्या एका बिलात बियाण्याला शून्य टक्के, खताला पाच, कीटकनाशकाला अठरा. चोपडी बंद झाली, कॉम्प्युटर आला, आणि दर महिन्याला संध्याकाळी दोन तास येणारा एक मुलगा आला. त्या मुलाच्या जागी मला बसवायचं ठरत होतं.

क्लासमध्ये आम्ही अकराजणी होतो. पुरुष तीनच. सहा मुली बी.कॉम. झालेल्या, लग्न ठरेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून आलेल्या. दोघी बचत गटाच्या हिशेबनीस. एक बेकरीवाल्याची बायको. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची होती, मला काकू म्हणायची आणि माझ्या बोटांच्या गतीकडे बघून हसायची नाही, हे तिचे उपकार. पहिल्याच दिवशी तिनं फळ्यावर लिहिलं: एफ-पाच पैसे दिले, एफ-सहा पैसे आले, एफ-सात जर्नल, एफ-आठ विक्री, एफ-नऊ खरेदी. पाठ करा म्हणाली. आम्ही केलं. महिनाभरात मुली डोळे मिटून बिलं टाकायला लागल्या.

पण नावे म्हणजे काय आणि जमा म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मी विचारलं, तर ती म्हणाली, "काकू, ते सॉफ्टवेअर आपोआप करतं." खरंच करतं. ज्या मुलीला बी.कॉम.ला तीन वर्षं शिकूनही ताळेबंद वाचता येत नव्हता, ती तीन महिन्यांत ताळेबंद काढून देऊ लागली. काढून देणं आणि वाचणं यातलं अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

या टॅलीची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. बंगलोरच्या श्याम सुंदर गोयंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखी प्रणाली मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत गोयंकांनी, ती लिहून दिली. १९८६ साली बापलेकांनी मिळून कंपनी काढली. चांगलंच केलं. पण मनात येतंच, की घरच्या दुकानाच्या अडचणीतून मुलानं काही केलं तर त्याची कंपनी होते, आणि सुनेनं केलं तर बाहेरच्या पोराचे पैसे वाचतात.

नावे-जमा मी शेवटी सासऱ्यांच्या जुन्या चोपड्यांवरून शिकले. रात्री जेवणं आटोपली की ट्रंकेतली एक काढायची आणि त्यातली पानं कॉम्प्युटरवर पुन्हा मांडायची. त्यात 'उचल' हा शब्द भेटला. मालकानं घरखर्चासाठी गल्ल्यातून पैसे काढले की ते उचल खाती जातात आणि वर्षाअखेरीस त्याच्या भांडवलातून वजा होतात. आपल्या भागात हा शब्द आणखी एका जागी आहे. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस हंगामाआधी मुकादमाकडून घेतो तीही उचल. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. फेडायची मात्र दोघांनी, दोघांच्या पाठीनं. दुकानदाराच्या वहीत असो की मुकादमाच्या, बाईच्या नावाचं पानच नाही. मी चोपड्यांमध्ये शोधलं. सासऱ्यांच्या पंचवीस वर्षांच्या उचलीत 'घरखर्च', 'मुलीचे लग्न', 'बैल', 'पंढरपूर' असं सगळं आहे. सासूबाई रोज दुपारी दोन तास गल्ल्यावर बसायच्या, पोती मोजून घ्यायच्या. त्यांचं नाव एकदाच आलंय. 'सौ. चे औषध रु. ४०.'

आता माझं सांगते. टॅलीत मालकाला ठरवता येतं, की कुणाला काय दिसावं. मला जो पासवर्ड दिला होता त्यानं मी बिलं टाकू शकत होते, पावत्या करू शकत होते. ताळेबंद उघडायचा झाला तर नवऱ्याचा पासवर्ड लागे. यात कुणाची कपटबुद्धी होती असं मी म्हणणार नाही. आधीच्या मुलासाठी केलेली सोय तशीच माझ्याकडे आली होती. पण मुलगा पगारी नोकर होता. मी पासवर्ड मागितला, नवऱ्यानं दिला, आणि मी पहिल्यांदा आमच्या दुकानाचा ताळेबंद बघितला.

डाव्या बाजूला सगळ्यात वर 'भांडवल' आणि खाली नवऱ्याचं नाव. त्यावर एंटर दाबलं की मागचं मागचं उघडत जातं. आमच्या सीएंनी दिलेल्या जुन्या फायली शेजारी ठेवून मी मागे मागे गेले, २००८ सालापर्यंत. सासऱ्यांच्या माघारी भावाभावांत वाटणी झाली आणि नवऱ्यानं दुकान नव्यानं उभं केलं ते साल. सुरुवातीचं भांडवल दोन लाख साठ हजार. माझ्या डोळ्यांपुढे ते दोन लाख साठ हजार जसेच्या तसे उभे राहिले, कारण त्यातले एक लाख दहा हजार कुठून आले ते मला माहीत होतं. माझ्या चार पाटल्या आणि मोहनमाळ, नऊ तोळे. माहेरहून आलेलं. तेव्हा तोळ्याला बारा-साडेबारा हजार भाव होता. मी आणि नवरा दोघं सराफाकडे गेलो होतो, मोडून आलेले पैसे त्याच दिवशी खताच्या कंपनीच्या अनामतीसाठी भरले. मी रडले नव्हते. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मीच म्हणाले होते, "घालून काय करायचंय, दुकान उभं राहू दे."

आणि वहीत ते नवऱ्याचं भांडवल झालं होतं.

हिशेबाच्या पुस्तकात एक धडा असतो. तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर आहे असं नाही. रक्कम बरोबर असेल, बाजू बरोबर असेल, पण खातं चुकीचं असेल, तर दोन्हीकडची बेरीज बिनचूक येते आणि चूक कधीच दिसत नाही. माझ्या पाटल्या जमेच्याच बाजूला होत्या. फक्त माझ्या नावानं नव्हत्या. 'सौ. यांचे कर्ज' असं खातं उघडून तिथं त्या लिहिल्या असत्या तरी ताळेबंद तितकाच जुळला असता. एक पैशाचाही फरक पडला नसता. सतरा वर्षं कॉम्प्युटर सांगत होता, सगळं ठीक आहे.

आजचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेलाय, ते सोडा. मला सोनं परत नको आहे. मी नवऱ्याला एवढंच म्हणाले, "अहो, हे खातं बदलायला पाहिजे." तो खरोखर गोंधळला. "अगं, सगळं आपलंच तर आहे!" मी म्हणाले, मग आपलंच आहे तर तुमच्या एकट्याच्या नावाखाली का आहे? यावर भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं असं कधी कधी वाटतं. तो म्हणाला, सीएंना विचारू.

सीए सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. कर्ज दाखवायचं तर पुरावा लागेल म्हणाले, आणि ते योग्यच आहे. वहीतली नोंद न्यायालयात ग्राह्य असते, पण निव्वळ नोंदीवर कुणावर देणं बसवता येत नाही, हे आपल्या पुराव्याच्या कायद्यात पूर्वीपासून आहे. मोडीची पावती, बँकेतली भरणा, काहीतरी जोडीला हवं. मग मी दुसरं विचारलं. गेले दीड वर्ष सगळे हिशेब मी करते आहे, तर माझा पगार तरी लिहा. त्यावर ते हसले. "वहिनी, लिहू शकतो. पण तो दादांच्याच उत्पन्नात धरला जाईल."

हे ऐकून मला वाटलं ते टाळताहेत. घरी येऊन वाचलं, तर खरं निघालं. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ मध्ये ही तरतूद होती आणि क्लबिंगचं हे तत्त्व २०२५च्या नव्या कायद्यातही ठेवलं गेलं आहे. नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला पगार दिला, तर तो नवऱ्याचंच उत्पन्न समजतात. अपवाद एकच. तिच्यापाशी तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि ती कमाई निव्वळ त्या ज्ञानाची, अनुभवाची असेल, तर. कायद्यात शब्द 'स्पाउस' आहे, म्हणजे नवऱ्यालाही तो लागू. पण कुणाच्या दुकानात कोण राबतं ते आपल्याला ठाऊक आहे. करचुकवेगिरी थांबवायला केलेला हा नियम आहे आणि करचुकवेगिरी होतेच, बायकोच्या नावावर खोटे पगार टाकतातच. मात्र त्यात ओलं वाळलं एकत्र जळतं. जिनं खरंच पोती मोजली, उधारी वसूल केली, तिचाही पगार खोटाच धरायचा, ती 'तांत्रिक' नसेल तर. आपल्या घरकामाच्या मोलाबद्दल आपण इतकी वर्षं लिहितो, भाषणं करतो. दुकानातल्या कामाचं मोल कायदाच नवऱ्याच्या खिशात घालतो, हे आपल्या किती शिबिरांत बोललं गेलंय? मी तरी ऐकलेलं नाही. मी सीएंना विचारलं, "मग टॅलीचं सर्टिफिकेट चालेल का?" ते म्हणाले, वाद घालावा लागेल. वाद घालायला तरी कागद हातात असावा, म्हणून मी ते लॅमिनेट करून घेतलंय.

गंमत म्हणजे सोनं बाईचं असतं हे आयकर खात्याला नीट ठाऊक आहे. १९९४ सालच्या त्यांच्याच सूचनेप्रमाणे छाप्यातसुद्धा विवाहित बाईचं ५०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करत नाहीत. अंगावर आहे तोवर ते तिचं. मोडून दुकानात गेलं की मालकाचं.

बेकरीवालीची गोष्ट माझ्या उलट आहे आणि जास्त गंभीर. तिच्या घरचा धंदा तिच्याच नावावर आहे. तिला त्याचा अभिमान होता. धंदा बायकोच्या नावावर करायची चाल आता गावोगाव आहे, आणि तिला कारणं आहेत. २००८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या बाईला प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान ठेवलं गेलं, सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला २५. नवऱ्याचं आधीचं कर्ज थकलेलं असेल तर बँक त्याला दारात उभं करत नाही. मग बायको प्रोप्रायटर. क्लासमध्ये आम्ही सरावाला आपापल्या दुकानाचे आकडे घेत होतो, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या नावावर बँकेचं साडेसात लाखांचं येणं आहे. मैदावाल्याचं वेगळं. ती चेकबुकं सह्या करून देत होती, अख्खीच्या अख्खी. एकट्या मालकीच्या धंद्यात धंद्याचं देणं आणि माणसाचं देणं यात भिंत नसते. दुकान बुडालं तर घरावर, शेतावर येतं. आणि चेक परत गेला तर गुन्हा सही करणाऱ्यावर. कलम १३८, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड. सही तिची, चेक कुणाला गेला तेही तिला माहीत नाही. ज्या दिवशी तिला हे समजलं त्या दिवशी ती क्लासमध्ये गप्प बसून राहिली. शिकवणारी मुलगी घाबरली, म्हणाली, "काकू, मी फक्त एंट्री शिकवते हो."

तिचा दोष नाही. पण आपला आहे. गेली कित्येक वर्षं 'महिलांसाठी संगणक प्रशिक्षण' हे आपल्या संस्थांच्या अहवालात ठरलेलं पान आहे. किती मुलींनी कोर्स केला, किती जणींना नोकरी लागली, फोटो. नोकरी म्हणजे काय, तर एखाद्या एजन्सीत सकाळी दहा ते रात्री आठ बिलं टाकायची. महिन्याला जे हाती येतं त्यात जाण्या-येण्याचं भाडं वजा केलं तर मजुरीच बरी. त्या मुलींना काम मिळू नये असं मी म्हणत नाही. पण हिशेब भरायला शिकवणं आणि हिशेब मागायला शिकवणं यात फरक करायला आपण विसरलो. ज्या मुलीला सगळ्या पेठेचे ताळेबंद काढता येतात, ती सासरी गेल्यावर स्वतःच्या घरचा ताळेबंद मागत नाही. तिला तसं कुणी सुचवलेलंच नसतं.

साक्षरतेचं म्हणाल, तर आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, प्रवर्तक बायांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून. चेतना सिन्हांनी हे अनेकदा जाहीरपणे सांगितलंय. त्या बाया साक्षरता वर्गाला बसल्या आणि मग अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या, की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. त्यांना लिहिता येत नव्हतं, पण मुद्दल कुणाचं आणि व्याज कुणाला जातं हे कळत होतं. आमच्या क्लासमध्ये नेमकं उलटं होतं. लिहिता सगळ्यांना येत होतं.

आणि आपल्या कार्यकर्त्यांबद्दल बोलायचंच तर माझ्यापासून सुरुवात करते. मी बावीस वर्षं संघटनेत आहे. हुंड्याच्या, पोटगीच्या केसेस घेऊन तहसील, पोलीस ठाणं, कोर्ट सगळं पालथं घातलं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावा म्हणून गावोगाव बोलले. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीपासून, म्हणजे १९९०च्या आसपासपासून, हा विषय महाराष्ट्रात आहे, तलाठ्याशी भांडायला आपण शिकलो. पण आमच्या संघटनेचे हिशेब एक निवृत्त भाऊ लिहितात आणि खजिनदार म्हणून मी जिथं खूण केलेली असते तिथं सही करते. करत होते. हिशेब म्हणजे मारवाड्याचं काम, नफ्यातोट्याची भाषा, आपली नव्हे, असा एक सूक्ष्म गर्वही त्यात होता. बेकरीवालीला मी कुठल्या तोंडानं उपदेश करणार होते?

जमिनीचा सातबारा आपण मागतो, पण आता किती घरं नुसत्या जमिनीवर चालतात? कोरेगावच्या पेठेतून एक फेरी मारा. पिठाची गिरणी, मोबाइल दुरुस्ती, कापड, हार्डवेअर, चहाची गाडी. प्रत्येकाच्या मागे कुणाचं तरी मंगळसूत्र, कुणाच्या तरी बांगड्या आहेत. रयत शिक्षण संस्थेची गोष्ट आपण शाळेत शिकलो. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाची सोय करायला लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपण त्याला त्याग म्हणतो, डोळ्यांत पाणी आणतो. ते भांडवल होतं, असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

आम्ही आता एक साधी गोष्ट सुरू केली आहे. बेकरीवाली, मी आणि बचत गटाच्या त्या दोघी. महिन्यातून एका दुपारी सात-आठ बाया जमतात, आपापल्या घरच्या धंद्याचा ताळेबंद मिळाला तर घेऊन येतात, न मिळाला तर का मिळाला नाही ते सांगायला येतात. कॉम्प्युटर लागत नाही. वर कुणाचं नाव आहे, खाली कुणाचं देणं आहे, उचल किती झाली आणि ती कुणी उचलली, एवढंच बघतो. घरात पैसे घालायचे झाले तर रोखीत नाही, बँकेतून द्या, असं सांगतो. वीस हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीत घ्यायला कायद्यानंच बंदी आहे, आणि बँकेतली नोंद नंतर कुणाला पुसता येत नाही. पहिल्या महिन्यात दोघींनाच ताळेबंद मिळाला. तिसऱ्या महिन्यात पाच जणींना. एकीला मिळाला नाही आणि वर मारही मिळाला. ती केस आता आमच्याकडे आहे, त्यावर वेगळं लिहीन.

बेकरीवालीनं चेकबुक स्वतःच्या कपाटात ठेवलंय. नवरा महिनाभर बोलत नव्हता. आता दर शनिवारी देणेकऱ्यांची यादी दोघं मिळून बघतात. त्याला टॅली येत नाही, तिला येतं, त्यामुळे यादी तीच वाचून दाखवते.

माझं खातं अजून बदललेलं नाही. सीए म्हणतात, मोडीची पावती आणा. ज्या सराफाकडे आम्ही गेलो होतो तो म्हातारा वारला आणि मुलांनी दुकान हलवलंय. सासूबाई परवा रात्री म्हणाल्या, त्या वेळचे सगळे कागद त्यांनी माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकले होते, बहुधा माझ्याही पावत्या असतील. मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या पुतळ्यांची पण एक चिठ्ठी असेल बघ त्यात. तुझ्या सासऱ्यांनी पहिलं दुकान घातलं तेव्हाची." रविवारी डबा खाली काढायचा आहे.